आधी गार करा, मग हलवा : धावणाऱ्या मुलांचा उष्माघात

(मसुरे, ता. मालवण येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



खेळाडूंचं आरोग्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऑलिंपिकवाले येतात. पण मसुरे, बांदिवडे, आंगणेवाडी या पट्ट्यात जी मुलं-मुली भल्या सकाळी नाहीतर तिन्हीसांजेला रस्त्यावर धावताना दिसतात, तीसुद्धा खेळाडूच. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला सैन्यात जायचंय. त्यांच्यासोबत ना फिजिओ असतो, ना टीमचा डॉक्टर. म्हणून आज त्यांच्याविषयी बोलू.

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरती होती. तेव्हा पुरुषांना पाच किलोमीटर धावावं लागायचं. जूनच्या त्या उकाड्यात काही तरुण धावताना कोसळले आणि दगावले. पुढे अंतर कमी झालं. आता पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावं लागतं. चांगलं झालं. पण अंतर कमी झालं की वेग वाढतो, आणि रात्रभरचा एसटीचा प्रवास, फलाटावरची झोप, उपाशी पोट, रांगेतलं ऊन हे सगळं तसंच राहतं. २०२४ ची भरतीसुद्धा १९ जूनलाच सुरू झाली होती.

आता शरीरात काय होतं ते बघू. स्नायू शंभर भाग ऊर्जा जाळतात, तेव्हा त्यातले वीस-पंचवीस भाग हालचालीला लागतात. बाकीची सगळी उष्णता. म्हणजे धावणारा माणूस ही एक पेटलेली चूलच. ती उष्णता बाहेर टाकायचं मुख्य साधन घाम. एक लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. इथे ‘सुकला’ हा शब्द महत्त्वाचा. घाम टपकून खाली पडला तर काहीच उपयोग नाही. आणि आपल्याकडे घाम सुकतो कुठे? खाडीकाठची हवा आधीच पाण्याने भरलेली. विदर्भात ४४ अंश असतात आणि आपल्याकडे ३३, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण दमट हवेत ३३ अंशसुद्धा धावणाऱ्याला भारी पडू शकतात.

ताप आणि उष्माघात यांत फरक आहे, तो समजून घ्या. तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो. पॅरासिटामॉल ती पातळी खाली आणते. उष्माघातात मेंदूने काहीच बदललेलं नसतं. उष्णता बाहेर पडण्यापेक्षा जास्त वेगाने तयार होत असते, इतकंच. म्हणून इथे पॅरासिटामॉल कामाची नाही. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि मेंदूचं काम बिघडलं, की तो उष्माघात.

ओळखायचं कसं? आपण पुस्तकात वाचलेलं असतं की उष्माघातात अंग कोरडं पडतं. ते उन्हाने आजारी पडलेल्या म्हाताऱ्या माणसांत बऱ्याचदा दिसतं. धावणारा मुलगा मात्र घामाने निथळत असतानाही उष्माघातात असू शकतो. कपाळाला हात लावून किंवा काखेत थर्मामीटर ठेवून नेमकं कळत नाही. वागणं बघा. मुलगा झोकांड्या देतोय, विचारलं एक तर सांगतो दुसरंच, उगाच चिडतोय, स्वतःचं नाव सांगता येत नाही. धावताना किंवा धावून झाल्यावर असं दिसलं, तर उष्माघात समजूनच चाला.

अशा वेळी आपल्याकडे काय होतं? कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल नाकाला लावतं, कुणी तोंडात पाणी ओततं. मग गाडी शोधायची आणि मालवणला न्यायचं की कणकवलीला, यावर चर्चा. या सगळ्यात अर्धा तास जातो. आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंड वाचवायचं तर नेमका तोच अर्धा तास हातात असतो.

अमेरिकेत फॅलमाउथ नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे दर ऑगस्टमध्ये सुमारे ११ किलोमीटरची शर्यत होते. हवा दमट. तिथल्या डॉक्टरांनी १८ वर्षांतल्या २७४ उष्माघातांची नोंद ठेवली. शेवटच्या रेषेजवळच बर्फाच्या पाण्याचे टब भरलेले असत, आणि कोसळलेल्याला लगेच त्यात बसवत. २७४ पैकी एकही दगावला नाही. यात महागडं औषध नाही, मोठं मशीन नाही. बर्फ, पाणी आणि घाई, एवढंच.

आणि मंडळी, मालवण तालुक्यात बर्फाला काय तोटा? मासळीसाठी आपण रोज बर्फ वापरतो. सरावाच्या जागी मासळीची एक पेटी भरून बर्फ, पाण्याचं पिंप आणि एक ताडपत्री ठेवा. टब नसेल तर ताडपत्रीवर मुलाला झोपवा, चौघांनी कडा वर धरा, आत पाणी-बर्फ ओता आणि ते पाणी अंगावरून खेळतं ठेवा. डोकं आणि तोंड पाण्याच्या वर, एकाने सतत धरून. हे करतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. दहा-पंधरा मिनिटं गार करा, मग दवाखान्यात न्या. बर्फ नसेल तर विहिरीचं पाणी ओतत राहा आणि वारा घाला. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नका. एकच अपवाद : मुलगा श्वासच घेत नसेल, तर तो हृदयाचा प्रश्न समजा. तिथे पाणी नाही, छाती दाबायला लागा.

टाळता येतं का? बरंचसं येतं. शरीराला उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी जोर काढू नका. ताप, जुलाब किंवा डेंगी होऊन गेला असेल, तर पूर्ण बरं होईपर्यंत धावणं बंद. घाम काढायला प्लॅस्टिकचं जॅकेट घालून धावायची जी पद्धत आहे, ती सोडा. त्याने चरबी जात नाही, पाणी जातं. आणि एकट्याने धावू नका. आपण बरळतोय हे स्वतःला कळत नाही, सोबत्याला कळतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टरांनू, मगे पाणी किती पिवक व्हया?

उत्तर : तहान लागेल तेवढं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. अति पाणी प्यायल्याने असं होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. सोळाशे मीटरला तर धावताना पाणी लागतच नाही. आधी नीट जेवलेलं-प्यायलेलं असावं. आणि पाणी प्यायलो म्हणजे उष्माघात होणार नाही, असं धरून चालू नका.

प्रश्न : मुलगा मध्येच थांबला तर भरतीत बाद होईल. मग तो थांबेल कसा?

उत्तर : तो थांबणार नाही, हे खरं आहे. घरच्यांची आशा, वयाची अट, एकच संधी. म्हणून थांबवायची जबाबदारी मी मुलावर टाकत नाही. मैदानावर सावली, पहाटेची वेळ आणि बर्फाच्या पाण्याचा टब हे आयोजकांनी द्यायचं. ते मागायचा हक्क पालकांना आहे. आणि गावातली जबाबदारी आपली. उद्यापासून सरावाला एक ताडपत्री आणि एक पेटी बर्फ एवढं तरी ठेवा.