कालची पोळी, आजचा पिझ्झा

आमच्या गावाचं नाव जाम. हो, ब्रेडला लावतात तोच जाम. कॉलेजात पहिल्या दिवशी ओळख करून देताना हा जोक मी स्वतःच मारून घेतला होता, म्हणजे बाकीच्यांना तीन वर्षं मारावा लागला नाही. (तरी मारलाच.) नकाशावर शोधायचं तर वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा एनएच ४४ आमच्या इथून जातो आणि चंद्रपूरचा रस्ता इथंच फुटतो. हायवेचं गाव, त्यामुळे रात्री उशिरासुद्धा चहा मिळतो, डाळ-पोळी मिळते, ट्रकचं पंक्चर निघतं.

पिझ्झा मात्र घरी येत नाही. अ‍ॅपवर घराचा पत्ता टाकला की एक उदास चेहऱ्याचं चित्र येतं आणि 'लवकरच तुमच्या भागात' असं काहीतरी लिहून येतं. हे 'लवकरच' मी बारावीपासून वाचतोय.

डिसेंबरातली गोष्ट. मी इंटर्नशिपसाठी नागपूरला रूम करून राहतो, शनिवारी लाल डब्यानं घरी येतो. त्या शनिवारी धाकट्या भावानं इन्स्टावर चीज ताणणारी कुठली तरी रील पाहिली आणि रात्री नऊ वाजता सुरू झाला, "दादा, पिझ्झा पाह्यजे." अ‍ॅपचा उदास चेहरा दाखवून झाला. तो काही ऐकेना. शेवटी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कायले पाह्यजे तो पिझ्झा? पाच पोळ्या उरल्या, वांग्याचं भरीत हाय. जेवा न."

जेवण तर झालं होतं. पोळ्या उरल्या त्या उरल्याच. मी डबा उचलून म्हटलं, सकाळी गाईला घालू. तर आई सहज म्हणाली, "राहू दे. सकाळी मी खाऊन घेईन."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. त्या दिवशी का कोण जाणे, डोक्यात अडकलं. आईची सकाळची पाळी असते, सहाला उठून ती आमचे डबे करते. ताज्या पोळ्या डब्यात जातात, आणि ती स्वतः उभ्या उभ्या कालची पोळी चहात बुडवून खाते. मी २२ वर्षांचा आहे. माझ्या ताटात शिळी पोळी, फोडणी न देता, कुस्करा न करता, नुसती अशी, किती वेळा आली असेल? आठवून पाहिलं. एकही वेळ आठवली नाही.

मग म्हटलं, चला, पिझ्झाच करू. पोळी गोल आहे, पिझ्झा गोल आहे.

पहिला पिझ्झा फेल गेला

सांगायला लाज नाही. मी पोळीवर टोमॅटो सॉस ओतला, भरीत पसरलं, फ्रिजमधला चीज क्यूब किसून टाकला आणि तव्यावर झाकण ठेवून दिलं. पाच मिनिटांनी उघडलं तर खालून कोळसा, मधे चिखल. झाकणाला जमलेली वाफ टपटप खाली पडून पोळीचा लगदा झालेला. भावानं फोटो काढून मित्रांना पाठवला. असो.

दुसरा जमला, कारण मधे मी थोडं वाचलं. पोळी शिळी का होते, तर नुसतं पाणी उडून जातं म्हणून नाही. कणीक भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो. गार झाल्यावर त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून रांगेत बसतात आणि पोळी कडक होते. याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात, आणि ते फ्रिजच्या थंडीत सगळ्यात जोरात होतं. म्हणून फ्रिजमधली पोळी बाहेर ठेवलेल्या पोळीपेक्षा जास्त चिवट लागते. खायला वाईट, पण पिझ्झाच्या बेसला हेच हवं. ताज्या पोळीत वाफ असते, तिच्यावर सॉस पडला की ती लगेच गळते. कालची पोळी मंद आचेवर कोरडी भाजली की पापडासारखी खुटखुटीत होते आणि वरचं वजन पेलते.

तर रीत अशी. दोन पोळ्या घ्या, एकीवर बोटभर चीज किंवा अगदी पातळ सॉस लावून दुसरी तिच्यावर दाबून बसवा. एकच पोळी पातळ पडते, उचलताना मोडते. ही जोडपोळी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा, घाई न करता, हातात धरल्यावर वाकली नाही पाहिजे. मग गॅस बंद करा. हो, बंद. सॉस-भाजी-चीज हे सगळं गॅस बंद असताना लावायचं, नाहीतर तुम्ही कांदा शोधेपर्यंत खालून जळतं. मग एकदम बारीक आच, वर खोलगट ताट झाकण म्हणून, तीन-चार मिनिटं. मधे एकदा ताट उचलून आतलं पाणी पुसून घ्या. तवा पातळ असेल तर खाली अजून एक जुना तवा ठेवा. ओव्हनमध्ये वरून उष्णता लागते म्हणून चीजवर तपकिरी ठिपके येतात. तव्यावर ते येणार नाहीत, त्याची वाट पाहू नका. चीज वितळलं की झालं.

सॉस बाटलीतला चालतो, पण गोड लागतो. दोन टमाटर, चार-पाच लसूण पाकळ्या, चमचाभर तेल, मीठ, चिमूटभर साखर, आणि तेल सुटेपर्यंत आटवायचं. आमच्या घरी त्यात हळद पडली, कारण आईच्या मते हळदीशिवाय टमाटर शिजतच नाही. हळदही साधी नाही, आमच्याच तालुक्यातली वायगावची, जीआय टॅगवाली. चिली फ्लेक्सची पाकिटं संपली होती म्हणून भिवापुरी मिरची तव्यावर गरम करून हातानंच चुरली. ते पाकीट पुन्हा आणायची गरज पडलेली नाही.

कोणती भाजी चालते

इथं माझी मतं ठाम आहेत. भरीत पहिला नंबर. वांगं भाजल्याचा धुराचा वास लागतो तो महागड्या 'वूड फायर्ड' पिझ्झाच्या जवळ जातो, शप्पथ. त्याखालोखाल झुणका, कोरडा असेल तर. आलूची सुकी भाजी, पत्ताकोबी, उकडलेले चणे, सगळे पास. भेंडी नाही. वरण तर अजिबात नाही, मी करून पाहिलंय, विचारू नका. नियम सोपा आहे: ताट तिरपं केल्यावर जी भाजी वाहते ती पिझ्झावर जात नाही. अगदीच मन असेल तर रस्सा आटवून घट्ट करा, पण मग तेवढ्या गॅसमध्ये नवीन भाजी झाली असती.

चीजचं एक सांगतो, कारण यात आपले पैसे जातात. मोझरेला ताणला जातो कारण बनवतानाच दुधाचा तो गोळा गरम पाण्यात ताणून मळलेला असतो. प्रोटीनचे लांब धागे तिथंच तयार होतात. क्यूबवालं प्रोसेस्ड चीज वितळतं छान, पण तार धरत नाही. आणि पनीर कितीही तापवलं तरी वितळणार नाही, ते दूध गरम करून लिंबानं फाडलेलं असतं, त्याची घडणच वेगळी. रील पाहून पनीर किसत बसू नका. स्वस्त पाकिटं घेताना मागं 'अ‍ॅनालॉग' शब्द आहे का ते वाचा. ते दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेलावर बनतं. खाल्ल्यानं काही होतं असं नाही, पण चीजचा भाव देऊन का घ्यायचं?

रूमवरचं गणित

नागपूरच्या रूमवर आम्ही तिघं. मेसचा डबा येतो, त्यात माणशी चार पोळ्या. रात्री कोणी ना कोणी तर्री पोहे खाऊन आलेलं असतं, म्हणजे रोजच्या चार-पाच पोळ्या उरतात आणि सकाळी डस्टबिनमध्ये. इथं खाणारी आई नसते ना. मी जामहून आलो त्या सोमवारी पहिला तवा पिझ्झा लावला. रूममेट दारात उभा राहून म्हणाला, "बे, हे काय करून राहिला?" आता बुधवारचा दिवस त्याचा आहे आणि तो त्यावर शेव टाकतो. मी गप्प बसतो.

एक गोष्ट मात्र मस्करीत घेऊ नका. आमच्याकडे फ्रिज नाही, तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे नसेल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याची सूचना तर अशी की बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एकच तास. आता ३२ अंश म्हणजे विदर्भात काय, मार्चमधली सकाळ! पोळीत पाणी कमी असतं म्हणून ती थंडीत रात्रभर टिकते. भाजीचं तसं नाही. भाताचं तर अजिबात नाही. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही वाचतात, भात बाहेर राहिला की वाढून विष तयार करतात, आणि ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून फ्रिज नसेल तर रात्रीची पोळी ठेवा, रात्रीची भाजी नको. सकाळी पोळीवर ताजा कांदा, टमाटर, सिमला मिरची चिरून टाका. एप्रिल-मेमध्ये पोळीलाही आधी वास घ्या, बुरशीचा ठिपका दिसला की अख्खी फेका, तेवढा तुकडा काढून नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, हा काय गरिबीचा पिझ्झा. पण पिझ्झा मुळात नेपल्सच्या गल्ल्यांमधलं गरिबांचंच खाणं होतं, रस्त्यावर उभं राहून खायचं. १८८९ मध्ये राणी मार्गेरिताच्या नावानं पिझ्झा बनवल्याची गोष्ट सगळे सांगतात, काही इतिहासकारांना ती पटत नाही, पण राणीपर्यंत जायच्या कितीतरी आधीपासून मजूर तो खात होते. २०१७ मध्ये युनेस्कोनं नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला वारसा यादीत घेतली. आपल्याकडे डॉमिनोज आणि पिझ्झा हट दोन्ही १९९६ साली आले आणि तो एकदम एसीत बसून बर्थडेला खायचा पदार्थ झाला.

शिळं कोण खातं?

हा लेख लिहायच्या आधी वर्गातल्या मित्रमैत्रिणींना सहज विचारलं, तुमच्या घरी शिळं कोण खातं? कोणीच विचार करायला वेळ घेतला नाही. "आई." "आजी." "आई, मग कुत्रा." एक मैत्रीण म्हणाली, "आई, आणि मी. दादा नाही." ती हसून म्हणाली, पण पुढे कोणी काही बोललं नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल आहे, वाया जाणाऱ्या अन्नाचा. २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतून. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो. हे आकडे वाचताना मला आमचा पोळ्यांचा डबा दिसत होता. आमच्या घरातून जवळजवळ काही फेकलं जात नाही, म्हणजे अहवालाच्या हिशेबात आम्ही एकदम गुणी. पण फेकलं जाऊ नये म्हणून जे एका माणसाच्या पोटात रोज जातं, ते कुठल्या वजनकाट्यावर येतं? 'इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे' नावाच्या पाहणीत घरात आधी कोण जेवतं, बायका पुरुषांसोबत की नंतर, असा प्रश्न विचारतात. कालची पोळी कोणाच्या ताटात, हाही एक प्रश्न त्यात टाकायला हवा.

मी काही फार मोठं केलं असं नाही. उलट सुरुवातीला फसलं. पिझ्झा घरी हिट झाल्यावर दुसऱ्या शनिवारी पाहतो तर डब्यात पंधरा पोळ्या! आईनं पिझ्झासाठी म्हणून मुद्दाम जास्तीच्या लाटल्या होत्या. म्हणजे शिळं संपवायच्या नादात तिचं काम मीच वाढवून ठेवलं. तिला म्हटलं, अगं, उरल्या तरच करायचा. ती म्हणे, "उरन्याची वाट पाहत बसू काय? तुम्ही हप्त्यातून एकदा येता."

मग वाद, मग तह. आता संध्याकाळी पोळ्या किती लागणार ते भाऊ सगळ्यांना विचारून सांगतो. उरल्याच तर रविवारी सकाळी पिझ्झा तो आणि मी करतो, आणि चौघांत चार तुकडे होतात, बाबांनाही धरून. बाबा त्याला अजून 'पोळीचं ते' म्हणतात, पण खातात. रविवारी आईला सुट्टी असते. ती पहिल्यांदाच बसून, गरम गरम तुकडा हातात घेऊन खात होती तेव्हा मी मोबाईल काढला, या लेखासाठी एखादी प्रतिक्रिया मिळावी म्हणून. कसा झालाय विचारलं.

तिनं अजून एक घास घेतला, चावला.

"कांदा कच्चा राह्यला," म्हणाली. "आन् सांबार नाही टाकला?"