हाताची बधिरता : तिचा अर्थ व उपाय

खानदेशात कापसाची वेचणी सुरू झाली की शेतकऱ्याच्या हातांना उसंत राहत नाही. अशा हातांना मुंग्या आल्या किंवा बधिरता आली, तर कामाचा शीण समजून तिकडे दुर्लक्ष केले जाते. हे दुर्लक्ष प्रसंगी हाताच्या पंगुत्वास कारण होते.

स्पर्श, उष्णता व वेदना यांची जाणीव मज्जातंतू मेंदूकडे पोचवितात. मज्जातंतूवर दाब पडला किंवा त्यास इजा झाली म्हणजे प्रथम मुंग्या येतात व पुढे बधिरता येते. तिची कारणे निरनिराळी असतात.

मनगटाचे काम सतत केल्याने तेथील मज्जातंतू दाबला जातो. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येतात. रात्री त्या वाढतात व हात झटकल्यास बरे वाटते. मधुमेहात बहुधा पायांपासून आरंभ होतो. ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनेही हातापायांस मुंग्या येतात. या दोहोंसाठी रक्ततपासणी करावी.

फवारणीनंतर मुंग्या आल्यास कपडे बदलून अंग साबणाने धुवावे. लाळ, उलटी, घाम किंवा अंधुक दिसणे ही लक्षणे असल्यास औषधाच्या डब्यासह त्वरित रुग्णालय गाठावे. एका बाजूचा हात अकस्मात बधिर होऊन तोंड वाकडे झाल्यासही विलंब करू नये. तो पक्षाघात असू शकतो.

सर्वांत फसवी बधिरता कुष्ठरोगाची होय. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो व तेथे स्पर्श कळत नाही. पुष्कळदा करंगळी व तिच्याजवळचे बोट बधिर होते. चुलीवरील भांड्याचा चटका बसतो, पण जाणवत नाही. विळ्याची जखम चिघळते. दुखत नाही म्हणून रोगी उपचारास जात नाही, आणि तेवढ्यात बोटे वाकतात.

हा रोग शाप नव्हे. त्याचे जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० नंतरच्या दशकात पुरस्कारिलेल्या बहुविध औषधोपचाराने तो ६ ते १२ महिन्यांत बरा होतो. ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. मात्र एकदा निकामी झालेला मज्जातंतू पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून लवकर जाणे हाच खरा उपाय.

ग्रामसेवकांनी संशयित व्यक्तीस डोळे मिटावयास सांगून चट्ट्यावर कापसाचा पिळा हलकेच टेकवावा. स्पर्श न कळल्यास, बोभाटा न करता, तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. स्पर्श कळला तरी चट्टा किंवा बधिरता टिकून राहिल्यास वैद्यकीय तपासणी करावीच.