उघड्या दाराची पेटी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या मावशीने निवृत्तीनंतर परसात मधपेटी ठेवली. विहिरीपलीकडे, माडाच्या सावलीत, चार पायांच्या स्टँडवर. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या. पेटीच्या तळाशी बोट जेमतेम शिरेल एवढी फट, तेच दार, आणि ते रात्रंदिवस उघडे. आत हजारो माशा. त्यांना धरून ठेवणारे मात्र काहीच नाही. दावे नाही, कुंपण नाही. मनात आले तर एखाद्या दुपारी सगळ्या जणी उठून चालत्या होतील, आणि सातेरी माशी खरेच तशी जाते. हे कळल्यापासून मला मधाचे कौतुक कमी आणि त्या राहतात कशाला, याचेच नवल जास्त.

आपल्याकडच्या सगळ्याच मधमाशा पेटीत येत नाहीत. आग्या माशी कड्यावर किंवा उंच झाडावर उघड्यावरच एक भलेमोठे पोळे लटकवते, फुलोरी झुडपात तळहाताएवढे. दोघींचा संसार एका पोळ्याचा आणि उजेडातला. सातेरी मुळातच अंधारात राहणारी. झाडाची ढोली, वारूळ, जुन्या घराची भिंत अशा जागी ती एकामागे एक समांतर पोळी बांधते. लाकडी पेटी तिला मानवते ती यामुळेच.

मावशीची वसाहत एका वारुळातून आली. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात शिकून आलेल्या एका मधपाळाने संध्याकाळी हलका धूर देत एकेक पोळे कापून काढले, केळीच्या सोपटाने लाकडी चौकटींना बांधले आणि राणी तेवढी जपून पेटीत सोडली. बाकीच्या माशा तिच्या वासामागे आपण होऊन आत चालत गेल्या. पुढे सोपटे त्यांनीच कुरतडून बाहेर टाकली. तोवर पोळी मेणाने चौकटींना पक्की जोडून झाली होती.

या चौकटी उचलता येतात, ही गोष्ट आज साधी वाटते. पण हजारो वर्षे मध काढायचा म्हणजे पोळे मोडायचे, हाच रिवाज होता. १८५१ साली फिलाडेल्फियातल्या लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ या पाद्रीबाबांच्या ध्यानात आले की मधमाशा ठरावीक रुंदीची फट मोकळी सोडतात, कारण ती त्यांची येण्याजाण्याची वाट असते. फट साधारण पाऊण सेंटीमीटरची. जास्त जागा सोडलीत तर तिथे नवे पोळे उठते, कमी सोडलीत तर ती बुजवून टाकली जाते. त्यांनी चौकटी आणि पेटीच्या भिंती यांच्यात नेमके तेवढेच अंतर राखले, आणि काही न मोडता पोळे वर उचलता येऊ लागले. सातेरी अंगाने लहान, म्हणून तिची पेटीही लहान आणि फटही जरा अरुंद. साऱ्या आधुनिक मधपालनाचा डोलारा या मोकळ्या जागेवर उभा आहे. माणसाने माशीला काही शिकवले नाही; तिचे माप तेवढे घेतले.

घर राखायचे काम माशांचेच. पिल्लांच्या कोठीत ३४-३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि कोकणातला मे महिना तर आपल्याला ठाऊक आहेच. मग माशा पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि काही जणी दारात पाय रोवून पंख्यासारखे पंख चालवतात. इथे एक गंमत आहे. परदेशातून आलेली मेलिफेरा माशी तोंड आत करून उभी राहते आणि आतली गरम हवा बाहेर ओढते. सातेरी पाठ दाराकडे आणि तोंड बाहेर करून ताजी हवा आत ढकलते. पुस्तकात वाचलेले खरे मानायचा माझा स्वभाव नाही, म्हणून मी पेटीसमोर उकिडवा बसलो. सगळ्यांची तोंडे माझ्याकडेच होती. फार वेळ बसलो नाही.

हाच वारा मधही आटवतो. फुलातला मकरंद बहुतेक पाणीच. तो एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जातो, त्यात त्यांच्या शरीरातले पाचक रस मिसळतात, मग कोशात भरला जातो आणि पाणी पाचव्या हिश्शाच्या आसपास उतरले की वर मेणाचे झाकण बसते. जांभळाच्या मोहराचा मध किंचित कडसर लागतो. मला तोच आवडतो.

शत्रूचा समाचार मात्र ऐकताना अंगावर काटा येतो. मोठी गांधीलमाशी पेटीवर चालून आली की नांगी तिच्या टणक कवचापुढे फारशी चालत नाही. तेव्हा शेकडो सातेरी माशा तिला घेरून घट्ट गोळा करतात आणि उडण्याचे स्नायू थरथरवून गोळ्याच्या आत ताप वाढवतात. सातेरीच्या जपानी भावंडांवर संशोधन करणाऱ्यांनी १९९५ मध्ये हा ताप मोजला तेव्हा तो ४६-४७ अंशांपर्यंत चढलेला होता. गांधीलमाशी त्यात मरते. मधमाशा आणखी दोनएक अंश सोसू शकतात. त्या दोन अंशांच्या फरकावर सगळी पैज मारलेली.

आणि ज्यासाठी कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चे नोबेल मिळाले, तो नाच. फुले सापडलेली माशी अंधारात, उभ्या पोळ्यावर, अंग थरथरवत सरळ रेषेत धावते. रेषेचा उभ्या दिशेशी जो कोन, तोच फुलांचा सूर्याच्या दिशेशी कोन. थरथर जितका वेळ, तितके अंतर लांब. प्रत्येक जातीची बोली निराळी. बेंगळुरूच्या संशोधकांसह एका गटाने २०२० मध्ये दाखवले की आग्या आणि फुलोरीच्या मानाने सातेरी जवळपासच, किलोमीटरभराच्या आसपास, चरते आणि तेवढ्याच अंतरासाठी ती जास्त वेळ थरथरते. मुलूख लहान, म्हणून मोजणी बारीक. म्हणजे मावशीचा माड, शेजाऱ्यांची जांभळी आणि वहाळाच्या काठची झाडे एवढाच तिचा नकाशा.

या नकाशात पावसाळ्यात फुलेच उरत नाहीत. मधकोठी ओरबाडून रिकामी केलेली असेल तर श्रावणापर्यंत उपासमार ठरलेली. म्हणून मावशी आपला वाटा बेताने काढते आणि पावसात साखरेचा पाक देते, तोही तिन्हीसांजेला, नाहीतर वासाने दुसऱ्या वसाहतीच्या माशा लुटायला येतात. मेणकीड लागली की सफाई करते. एवढे करूनही जायचे ठरले तर त्या एका दिवसात जात नाहीत. राणी आधी अंडी घालणे कमी करते, कोशातली पिल्ले बाहेर पडू देतात, मग पोटात मध भरून निघतात. त्यामुळे मावशी चौकट उन्हाकडे तिरपी धरते ती अंडी शोधायला.

"मी फक्त घर दिलंय रे," ती म्हणते. "राहायचं की नाही ते त्यांचं त्या बघतात."

गेल्या भाद्रपदात एक वसाहत गेलीच. वाडीत शोधाशोध झाली, तर शेजाऱ्यांच्या गोठ्याच्या भिंतीत नवी पोळी चाललेली. धरून आणूया का, असे मी विचारले, पण मावशीने मनावर घेतले नाही. शेजारी मात्र आता पेटी कुठे मिळते याची चौकशी करत आहेत.