गरिबाघरची झळाळी : काचेचे जुने मेणबत्ती स्टँड



बुद्धवंदनेला मेणबत्ती लावली जात नाही असे आपले घर क्वचितच सापडेल. मेणबत्तीच्या ज्योतीकडे आपले लक्ष असते, पण ती ज्यात उभी राहते त्या स्टँडकडे सहसा नसते. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मात्र काचेचे जुने मेणबत्ती स्टँड जमवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या आवडीचा एक खास प्रकार म्हणजे ‘कार्निव्हल ग्लास’. पाण्यावर रॉकेलचा तवंग पसरला की त्यात जसे जांभळे, हिरवे, सोनेरी रंग हलतात, तशी झळाळी या काचेवर असते. छंद म्हणून ही माहिती उपयोगी आहेच. पण या काचेच्या इतिहासात आपण विचार करावा असे काही आहे, म्हणून हा विषय आज कुटुंबाच्या पानावर घेत आहोत.

झळाळीची काच प्रथम श्रीमंतांच्या दिवाणखान्यात होती. न्यूयॉर्कच्या लुई टिफनी यांनी १८९४ साली आपल्या अशा काचेचे नाव नोंदवले. ती हाताने घडवलेली आणि अतिशय महाग असे. पुढे १९०७ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील विल्यम्सटाऊन येथे फेंटन बंधूंच्या कारखान्याने वेगळा मार्ग काढला. वितळलेली काच लोखंडी साच्यात दाबायची आणि वस्तू गरम असतानाच तिच्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारायचा. काचेवर अत्यंत पातळ थर बसतो आणि प्रकाश पडला की रंग खेळू लागतात. साच्यामुळे माल भराभर निघू लागला, स्वस्त झाला. लवकरच नॉर्थवुड, इम्पीरियल असे इतर कारखानेही या धंद्यात उतरले.

हा माल पाच आणि दहा सेंटच्या दुकानांतून विकला गेला. काही वस्तू चहा किंवा बेकिंग पावडरबरोबर भेट म्हणूनही मिळत. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तो याच काचेच्या भरभराटीचा काळ. मजुराच्या, शेतकऱ्याच्या घरातील फळीवर झळाळीची काच आली आणि मग काय झाले? श्रीमंतांची त्या काचेवरची हौस ओसरू लागली. काच तीच चमकत होती, पण ती ‘खालच्या’ घरात पोहोचली होती. पुढे तिला ‘गरिबाची टिफनी’ म्हणून हिणवले गेले. जत्रेतील खेळांत बक्षीस म्हणून मिळणारी वस्तू या समजुतीने १९५० नंतरच्या काळात ‘कार्निव्हल’ हे नाव रूढ झाले. आज त्याच काचेचे दुर्मीळ नमुने लिलावात मोठ्या किमतीला जातात. वस्तूचा मान तिच्या गुणावर नव्हे, ती कोणाच्या घरात आहे यावर ठरवायचा, ही रीत आपल्याला नवी नाही.

आणखी एक बाजू विसरता कामा नये. त्या काळी अमेरिकेतील काच कारखान्यांत लहान मुले सर्रास कामाला असत. साचे उघडणे, तापलेला माल भट्टीकडे नेणे ही त्यांची कामे. ल्युइस हाइन या छायाचित्रकाराने १९०८ पासून वेस्ट व्हर्जिनिया आणि इतर राज्यांतील अशा मुलांची छायाचित्रे काढून देशापुढे ठेवली. तरीही कारखान्यांतील बालमजुरीला देशभर आळा घालणारा टिकाऊ कायदा यायला १९३८ साल उजाडले.

आपल्या देशाचाही या काचेशी संबंध आहे. उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद येथील जैन ग्लास वर्क्सने अशी झळाळीची काच बनवली. तेथील फुलदाण्या व पेले परदेशातील संग्राहक शोधत असतात. काही वस्तूंवर ‘जैन’ हे नावच उमटवलेले असते. पण बांगड्यांच्या या गावातही भट्टीपुढे मुलांचे बालपण जळाले आहे. १९८६ साली बालमजुरीविरोधी कायदा झाला, तो अशाच मुलांसाठी.

आता संग्रहाविषयी थोडे. स्टँड हाती आला की तळ उजेडाकडे धरावा. जेथे थर नाही तेथे काचेचा मूळ रंग कळतो. झेंडूच्या फुलासारखा केशरी दिसणारा प्रकार बहुधा साध्या पांढऱ्या काचेवरच केलेला असतो. जांभळ्या, निळ्या, हिरव्या प्रकारांत मूळ काचच रंगीत असते. नॉर्थवुडच्या बऱ्याच वस्तूंच्या तळाशी वर्तुळात इंग्रजी ‘एन’ अक्षर असते, पण सगळ्याच वस्तूंवर ते नसते. फेंटनच्या जुन्या मालावर खूण नाही. आपल्या कार्निव्हल काचेवर नाव उमटवणे त्यांनी १९७० नंतर सुरू केले. म्हणजे फेंटनचे नाव दिसले तर वस्तू शंभर वर्षांची नव्हे. खूण नक्कल करता येते, हेही ध्यानात ठेवावे. स्टँड बहुधा जोडीने विकले जात, म्हणून जोडी एकत्र मिळाली तर मोल जास्त. मेणबत्ती बसते त्या खोबणीच्या कडेवरून बोट फिरवावे. टवका सर्वांत आधी तेथेच उडतो.

जुन्या स्टँडमध्ये मेणबत्ती तळापर्यंत जळू देऊ नये, उष्णतेने काच तडकते. सांडलेले मेण सुरीने खरवडू नये. कोमट पाण्याने मऊ करून फडक्याने पुसावे. उकळते पाणी, राख आणि तारेचा घासणी-चोथा वर्ज्य.

महागड्या वस्तूंच्या मागे लागून कर्ज काढावे असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. मुलांच्या शिक्षणाचा पैसा छंदात घालू नये. पण आपल्या घरातील जुनी काच, आजीची फुलदाणी भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहा. आणि मुलांना ती दाखवताना ती कोणी विकत घेतली एवढेच न सांगता, ती भट्टीपुढे उभे राहून कोणी घडवली असेल, हेही सांगा.

जयभीम!