बादलीतलं वीजबिल

अलिबाग-मुरूडकडे रात्री एसी लावलात, तर त्याच्या नळीखाली बादली ठेवाच. सकाळी जमलेलं पाणी म्हणजे खोलीतल्या दमट हवेतली वाफ. एक लिटर वाफेचं पाणी करायला सुमारे ०.७ युनिट उष्णता बाहेर टाकावी लागते. दहा लिटरची बादली भरली, तर सात युनिट उष्णता. एसी खाल्लेल्या विजेच्या काही पट उष्णता बाहेर टाकतो, म्हणून दोनेक युनिट वीज नुसती हवा कोरडी करण्यातच गेली!

आता हिशेब. दीड टनी एसीचा कॉम्प्रेसर साधारण दीड किलोवॉट खातो. रात्रीत पाच तास चालला, तर साडेसात युनिटं, महिन्याला २२५. घरची एरवीची ९० धरून ३१५. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांनंतर चढतो, ३०० नंतर पुन्हा. म्हणजे एसीची जवळजवळ सगळी युनिटं महागड्या टप्प्यांत पडतात. खिडकीच्या फटीतून रात्रभर शिरणारा दमटपणाही त्यातच मोजला जातो.