वेरूळचे कैलास लेणे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वेरूळच्या 34 लेण्यांपैकी 16 क्रमांकाचे लेणे म्हणजे कैलास हे एकाश्म, म्हणजेच एकाच अखंड कातळातून कोरून काढलेले, शिवमंदिर होय. सुमारे 82 मीटर लांब आणि 46 मीटर रुंद अशा खोदाईत उभे असलेले हे मंदिर पाहणाऱ्याला स्तिमित करते, आणि त्या विस्मयातूनच त्याच्या निर्मितीविषयी अनेक चुकीच्या समजुती रूढ झाल्या आहेत.

गैरसमज: मंदिर कोणी आणि केव्हा कोरवले हे अज्ञात आहे.

वस्तुस्थिती: राष्ट्रकूट घराण्यातील कर्क सुवर्णवर्ष याच्या इ. स. 812-13 च्या बडोदे ताम्रपटात, म्हणजे दानाची नोंद म्हणून तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या राजलेखात, एलापूर, म्हणजेच वेरूळ, येथील अद्भुत शिवमंदिराचे वर्णन आले असून, त्याचे श्रेय अभ्यासक पहिल्या कृष्णराजाला (सुमारे इ. स. 756 ते 773) देतात. शेजारच्या 15 क्रमांकाच्या लेण्यात कृष्णाचा पुतण्या आणि पूर्वाधिकारी दंतिदुर्ग याचा शिलालेख आहे. शिवाय मंदिराची मांडणी त्याच शतकातील पट्टदकलच्या चालुक्यकालीन विरूपाक्ष मंदिराशी मिळतीजुळती असल्याने हा कालनिर्णय अधिकच दृढ होतो.

गैरसमज: शिखरापासून पायथ्याकडे कोरण्याचे तंत्र मानवी आवाक्याबाहेरचे होते.

वस्तुस्थिती: डोंगरउतारावर तीन बाजूंनी खोल चर खणून मधला कातळ मोकळा करायचा आणि मग तो वरून खाली घडवत आणायचा, अशी ही पद्धत असून तीत कारागीर अजून न फोडलेल्या दगडावरच उभा राहत असल्याने उंच परांची बांधण्याची गरज फारशी उरत नाही. तमिळनाडूतील कळुगुमलै येथील अपूर्ण वेट्टुवन कोविलात शिखर पूर्ण घडलेले, तर खालचा भाग कोरायचा राहिलेला दिसतो, आणि त्यावरून या तंत्राचा क्रम स्पष्ट होतो. मराठीतील ‘कथाकल्पतरू’ या ग्रंथातील आख्यायिकेनुसार शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा पण राणीने केला, तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या शिल्पीने कळसापासून काम आरंभले. ही कथा इतिहास नसली, तरी खोदाईच्या क्रमाची आठवण तिने जपली आहे.

गैरसमज: एवढा दगड हातांनी फोडणे अशक्य होते.

वस्तुस्थिती: पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी एक मजूर दिवसाला सुमारे 4 घनफूट कातळ फोडतो असे गृहीत धरून 250 मजुरांना सुमारे साडेपाच वर्षे पुरतील असा अंदाज मांडला. या हिशेबाने रोज 1,000 आणि एकूण सुमारे 20 लाख घनफूट दगड निघतो. हा अंदाज असल्यामुळे त्यात फरक पडू शकतो, परंतु राजाश्रय, संघटित श्रम आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव एकत्र आल्यास हे काम माणसांनाच साधणारे होते, एवढे त्यातून निश्चित होते.

गैरसमज: संपूर्ण परिसर एकाच वेळी पूर्ण झाला.

वस्तुस्थिती: मुख्य मंदिराचा मोठा भाग कृष्णाच्या कारकिर्दीतला असल्याचे ढवळीकरांचे प्रतिपादन आहे, तर कला-इतिहासकार हेरमान गोट्झ यांनी ही निर्मिती अनेक राजांच्या काळात विभागली होती, मात्र परिसरातील काही भाग नंतरचे आहेत, हे दोघांनाही मान्य आहे.

म्हणून येथे येणाऱ्याने प्रथम वरच्या डोंगरकडेवरून संपूर्ण खोदाई पाहावी, नंतर प्रांगणात उतरून भिंतींवरील टाकीचे घाव आणि गिलाव्याचे व रंगाचे उरलेले अंश निरखावेत, कारण आज काळा दिसणारा हा दगड एके काळी पांढऱ्या गिलाव्याने मढलेला होता. या निर्मितीचे श्रेय परग्रहवासीयांना किंवा लुप्त यंत्रांना देणे म्हणजे ज्यांची नावेही उरली नाहीत अशा पाथरवटांचे कर्तृत्व नाकारणे होय. ताम्रपटातील वर्णनानुसार खुद्द शिल्पकारालाही आपल्या कृतीचे नवल वाटले होते. तेव्हा कैलासापुढे विस्मय वाटणे योग्यच आहे, फक्त तो माणसाच्या कौशल्याविषयी असावा.