खर्जातला कंठ : कार्पेंटर भावंडांचे संगीत

आवाज जितका चढा तितकी गायिका थोर, अशी एक समजूत पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातही आढळते. कॅरन कार्पेंटरची थोरवी नेमकी उलट दिशेला होती. तिचा कंठ खाली उतरे तसतसा तो अधिक भरदार होई. थोरला भाऊ रिचर्ड याने हे हेरले आणि गाण्यांची पट्टी तो मुद्दाम खालची धरू लागला.

ही भावंडे मूळची अमेरिकेतील न्यू हेवनची. रिचर्डचा जन्म १९४६ चा, कॅरनचा १९५० चा. १९६३ साली कुटुंब कॅलिफोर्नियातील डाउनी येथे राहावयास गेले. तेथे शाळेच्या वाद्यपथकात कॅरनला ड्रमचा नाद लागला. पुढे कीर्ती मिळाल्यावरही ती स्वतःस आधी वादक व मग गायिका मानीत असे. १९६९ साली ए अँड एम कंपनीशी करार झाला. पहिली ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. परंतु १९७० साली बर्ट बॅकरॅक यांच्या चालीचे 'क्लोज टू यू' चार आठवडे अमेरिकेत अग्रस्थानी राहिले. त्यामागोमाग आलेले 'वुइव्ह ओन्ली जस्ट बिगन' हे तर मुळात एका बँकेच्या जाहिरातीतले गीत! रिचर्डने ते दूरचित्रवाणीवर ऐकले आणि त्याचे सोने केले.

त्यांच्या मुद्रिकांत मोठा गायकवृंद ऐकू येतो. वस्तुतः तेथे कंठ दोघांचेच. एक स्वरावली गाऊन मुद्रित करावयाची, तीवर दुसरी, मग तिसरी, असे थर चढवीत ही स्वरसंगती उभी राहात असे. ही मांडणी रिचर्डची. कौतुक मात्र बहुधा बहिणीच्याच वाट्यास आले, हा थोडा अन्यायच म्हणावयाचा.

त्या काळच्या कर्कश रॉक संगीतापुढे हे गाणे टीकाकारांना अतिगोड वाटे. उलट १९७२ च्या 'गुडबाय टू लव्ह'मध्ये इलेक्ट्रिक गिटारचा खरखरीत सूर येताच काही चाहतेच रागावले!

याच दशकात कॅरनला ॲनोरेक्झिया नर्व्होसा या विकाराने ग्रासले. या विकारात रोग्यास लठ्ठपणाची धास्ती बसते व देह खंगला तरी तो अन्न टाळतो. १९७५ साली दौरे रद्द करावे लागले. उपचारांनंतर ती सावरते आहे असे वाटत असतानाच ४ फेब्रुवारी १९८३ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिचे हृदय थांबले. तोवर सामान्य कुटुंबांना या विकाराचे नावही क्वचितच ठाऊक होते. तिच्या मृत्यूनंतर त्याची उघड चर्चा सुरू झाली.

तिने एकटीने गायिलेली व १९८० साली बाजूस ठेवलेली मुद्रिका १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१८ साली रिचर्डने लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून नवी साथ वाजवून घेतली आणि ती बहिणीच्या जुन्या, मूळच्याच आवाजाखाली बसविली.